कोल्ड रूममधला बहावा

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं तर आत्या ‘फुलांचं दुकान आहे’ असं कधीच सांगत नसे. ‘लग्नं सजवते,’ म्हणायची आणि समोरच्याने पुढे काही विचारावं म्हणून थांबायची. नम्रपणा तिच्या गावीही नव्हता. तिने बांधलेला गुच्छ हातात घेऊन कुणी नुसतं ‘छान’ म्हटलं, तर तिला तो अपमान वाटे. छान तर साबणाची वडीसुद्धा दिसते, असं ती मागाहून भावाला ऐकवायची.

तिला सगळी गल्लीच आत्या म्हणायची, पण ती खरी आत्या एकाच मुलीची, तिच्या दादाच्या मुलीची. दुकान दादाचं. आत्याने स्वतः लग्न केलं नाही. दुसऱ्यांची इतकी सजवली की आपल्या वेळेला हात दुखायला लागले, हे कारण ती स्वतःच हसत सांगायची. दुकानाच्या पुढच्या बाजूला काउंटर, मागे लांबट कामाची खोली, तिथे तारांची भेंडोळी, फांद्या छाटायच्या सिकेटरी, ओल्या फरशीवर ओळीने बादल्या, आणि कोपऱ्यात पोलादी दाराची कोल्ड रूम. ही कोल्ड रूम म्हणजे दादाचा जीव की प्राण. लांबून खोक्यांत येणारे गुलाब तिच्यात दिवसचे दिवस टवटवीत राहायचे. घरात कुणाला ताप आला तरी दादा आधी कोल्ड रूमच्या दारावरचा आकडा बघून येतो आणि मग ताप बघतो, अशी वहिनीची तक्रार होती.

गिऱ्हाइकाशी दादा बोलायचा, काम आत्या करायची. हे कुणी केलं, असं कुणी विचारलंच तर दादाचं उत्तर ठरलेलं: “आमचं दुकान जुनं आहे.” आतल्या खोलीत आत्याला ते ऐकू जायचं आणि हातातली तार ती जरा जास्तच पिळायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. भांडण म्हणावं तर कधी झालं नाही, पण तिच्या मनातून ते जातही नव्हतं.

मग भाचीचं लग्न ठरलं, तेही भर उन्हाळ्यात. दादाने कुठले गुलाब मागवायचे ते मनात पक्कं केलं होतं. विहीणबाईंनी थोरल्या मुलाच्या लग्नातल्या पांढऱ्या गुलाबांच्या कमानीचे फोटो दाखवले होते आणि वर, तुमचं तर स्वतःचंच दुकान, तुम्ही काही कमी करणार नाहीच, असंही म्हणाल्या होत्या. ते वाक्य दादाच्या घशात अडकून बसलं होतं. आणि भाची म्हणाली की एकही गुलाब नको. आपल्या इथे या उन्हात जे फुलतं तेच हवं, आणि सगळं आत्या ठरवेल. दुकानासमोर बहाव्याचं मोठं झाड होतं. लहानपणी शाळेतून आली की ही पोरगी चपला काढून त्याच्या पिवळ्या सड्यात नाचायची आणि पाय न पुसता दुकानात शिरून बोलणी खायची.

रस्त्यावरची फुलं लग्नात कशी दिसतील, असं दादाने एकदा विचारून पाहिलं. दोघींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आत्या मात्र त्या दिवसापासून जमिनीवर नव्हती. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा एक काम मुळापासून शेंड्यापर्यंत तिचं होतं. ते जमलं तर भाचीच्या मनासारखं होणार होतं आणि हे काम कुणाचं ते सगळ्यांना कळणार होतं. फसलं तर लाडक्या पोरीच्या लग्नाचा विचका, आणि ‘मी म्हटलं होतं’ हे दादाचं वाक्य जन्मभर कानाशी.

ती भर दुपारी छत्री घेऊन हिंडायला लागली. गुलाबाच्या कामात पाला असतो तो भोकं बुजवायला. तिने उलटं करायचं ठरवलं. आधी पाला, त्याने सगळा आकार धरायचा, फुलं मग मोजक्या जागी. करंजाची चकाकती पानं, बांबूचे शेंडे, नेच्याचे लांब हात, कुड्याच्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या सुवासिक फांद्या, आणि कमानीच्या मधोमध लोंबणारे बहाव्याचे पिवळे घोस. तामणही तिला हवं होतं, पण ते बादलीत ठेवल्या ठेवल्या मान टाकायचं. दोनदा समजूत काढून पाहिली आणि मग तिने तामणाला रजा दिली. बहाव्याचाही तिने पुरता अभ्यास केला. दुपारी तोडला तर संध्याकाळपर्यंत नुसता देठ हातात राहतो. उजाडता उजाडता, खालची फुलं उमललेली आणि टोकाच्या कळ्या मिटलेल्या असताना तोडायचा, देठ चिरायचा आणि खोल पाण्यात उभा करायचा, की दुसरा दिवस काढतो.

लग्नाच्या आदल्या सकाळी दुकानातल्या दोघी बायकांना घेऊन तिने सगळा माल आणला. समोरच्या झाडाच्या खालच्या फांद्या तर जवळजवळ रिकाम्या केल्या. कामाच्या खोलीत बादल्या लावल्या, खिडक्यांना ओली पोती बांधली आणि संध्याकाळी ती कमानीचा सांगाडा उभा करायला हॉलवर गेली.

दुकान बंद करायला दादा आला. खोली भट्टीसारखी तापली होती. पोती केव्हाच वाळली होती. त्या पिवळ्या बादल्यांकडे बघता बघता त्याला बहिणीची उन्हातली वणवण आठवली, आपण ‘रस्त्यावरची फुलं’ म्हणालो तेही आठवलं, आणि त्याला भरून आलं. माया करायची दादाची रीत एकच. त्याने कोल्ड रूममधले आपले सगळे गुलाब बाहेर काढले आणि बहाव्याची एकेक बादली स्वतः उचलून आत नेली. कुडा आणि पाला मागच्या बोळात काढून ठेवला. पाल्याला कशाला गारवा, असा त्याचा हिशोब. दारावरचा आकडा बघितला आणि खुशीत घरी गेला. कुणाला काही बोलला नाही, कारण सकाळी बहिणीचा चेहरा बघायचा होता.

सकाळी तो चेहरा त्याने बघितला. आत्याने पोलादी दार उघडलं, एका घोसाला बोट लावलं आणि सगळ्या पाकळ्या बादलीत गळून पडल्या. उरलेल्या घोसांच्या पाकळ्या ओलसर, करपल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. देठ काळे पडले होते. रणरणत्या उन्हात फुलणारं फूल, त्याला गारठा सोसतो कुठे? हे तिला ठाऊक होतं. दादालाही सांगावं लागेल, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“गुलाब तर राहतात गं,” दादा मागून इतक्या बारीक आवाजात म्हणाला की तो त्याचा वाटेचना.

आत्याच्या तोंडात जे आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. पण ती वळली आणि तिला भिंतीशी ते गुलाब दिसले. उकाड्याने माना टाकलेले, दादाचे सगळेच्या सगळे गुलाब. त्या माणसाने आपल्या आयुष्याची शान तिच्या रानफुलांसाठी बाहेर काढून ठेवली होती. तिचा राग जिथल्या तिथे विरला, आणि राग विरला म्हणून तिला रडू आलं.

दादा म्हणाला की यातले बरे गुलाब निवडून कमानीला लावू, कुणाला कळणार आहे.

“मला कळेल,” आत्या म्हणाली. “आणि पोरीला कळेल.”

डोळे पुसत ती दुकानाच्या दारात आली. समोर बहावा उभा होता, खालून ओकाबोका, वर हात पोचणार नाही तिथे भरगच्च. आकडीने ओढले तर घोस खाली येईपर्यंत झडून जाणार. आणि झाडाखाली रात्रभर गळलेल्या पाकळ्यांनी रस्ता पिवळा झाला होता. आत्या बघत राहिली. दादा काहीतरी विचारत होता, ते तिने ऐकलंच नाही.

“चादरी आण,” ती म्हणाली. “असतील तेवढ्या.”

मग गल्लीने एक देखावा पाहिला. इस्त्रीचा नवा शर्ट घातलेला नवरीचा बाप झाडाखाली चादर पसरून उभा, आणि नवरीची आत्या लांब आकडीने वरच्या फांद्या हलवते आहे. पाकळ्या त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, कॉलरीत. “नीट धर, तिरकी होतेय,” असं ती ओरडे आणि तो मुकाट्याने नीट धरे. एका झाडाचं झालं की गल्लीतला पुढचा बहावा. उरलेल्या दोन टोकांना दुकानातल्या बायका होत्या, त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. बोळातला पाला आणि कुडा, ज्यांना दादाने गारव्याच्या लायकीचं मानलं नव्हतं, ते मात्र ठणठणीत होते.

भाची हॉलच्या दारात आली तेव्हा कमान नुसती हिरवी होती. करंज, बांबू, नेचे आणि त्यांत कुड्याचा पांढरा शिडकावा. वर पिवळा रंग औषधालाही नव्हता. तिने वर बघितलं, क्षणभर शोधलं, आणि मग खाली बघितलं. दारापासून थेट व्यासपीठापर्यंत बहाव्याच्या पाकळ्यांचा जाड सडा होता, झाडाखाली पडतो तसाच. आकडीला अडकून साबूत आलेला एकुलता एक घोस आत्याने तिच्या हातातल्या गुच्छात बांधला होता. भाचीने नव्याकोऱ्या चपला काढून दारात ठेवल्या आणि अनवाणी चालत गेली. आत्या कमानीला टेकून उभी होती. कमान टेकायला केलेली नसते, हे ती इतरांना नेहमी सुनवायची, पण आज तिला टेकू हवा होता.

विहीणबाई सड्याच्या कडेकडेने, पाय पडू न देता आल्या. दादाला म्हणाल्या, “छान केलंय हो. तुमच्या दुकानाचं काम का हे?”

आत्याने श्वास रोखला. ठरलेलं उत्तर तिला पाठ होतं.

“काम माझ्या बहिणीचं,” दादा म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने की मागच्या रांगा वळून बघायला लागल्या. केसांत त्याच्या अजून एक पाकळी होती. “मी नुसती चादर धरली.”

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते तिने लपवलंही नाही. ‘छान’ हा शब्दही त्या दिवशी तिने खपवून घेतला. पुढे या लग्नाची गोष्ट ती कितीतरी जणांना सांगत राहिली, आणि दादाने काय म्हटलं ते प्रत्येक वेळी शब्दन् शब्द सांगे. चादर त्याने तिरकीच धरली होती, हे सांगायलाही ती कधी विसरली नाही.