नेट वजन

आमच्या कंपनीत किस्से कुणी मुद्दाम घडवत नाही. माणसं एकमेकांचं अर्धं ऐकतात, उरलेलं अर्धं स्वतःच्या मनानं भरतात, आणि संध्याकाळच्या बसपर्यंत किस्सा तयार होतो. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही गोळ्या पॅक करतो. मी तिथं कागद सांभाळते : कुठला बॅच कधी भरला, कुणी तपासला, कुणाची सही राहिली. किस्से काही त्या कागदांत बसत नाहीत, म्हणून डोक्यात साठतात. मध्यंतरी बघितलं तर निम्म्याहून जास्त एकट्या रोहिदासच्या वजनाचे निघाले.

रोहिदास आमच्या डिस्पॅचचा वजनवाला, साखळीकडचा. बावीस वर्षं काट्यासमोर उभा आहे. रिकाम्या खोक्याचं वजन म्हणजे टेअर, ते वजा केलं की उरतो तो नेट माल, हे त्यानं प्रत्येक नव्या माणसाला ओरडून ओरडून शिकवलंय.

त्याची धाकटी बहीण शशी पेडण्यात दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा म्हापशाला डायलिसिस. रोहिदासची किडनी तिला जुळत होती, पण डॉक्टर म्हणाले, "आधी तुमचं वजन पंच्याऐंशीच्या खाली आणा. तोवर ऑपरेशनची तारीख नाही." रोहिदास तेव्हा होता एकशे एक!

चार महिन्यांत तो ब्याण्णववर आला. मग काटा अडकला. दीड महिना काकडी खाऊनही ब्याण्णवच. एके दिवशी कँटीनमध्ये त्यानं डबा बाजूला सारला आणि भाजी-पाव मागवला, वर दोन मिरची भजी. त्या दिवसापासून मी आणि पाटील त्याच्या मागे लागलो. पाटील म्हणजे आमच्या मेंटेनन्सचे, गडहिंग्लजकडचे. पंधरा वर्षं गोव्यात राहून मासा न खाणारा माणूस. त्यांच्या चिकाटीबद्दल मला तरी शंका नव्हती.

*

पाटलांनी फोनवर सल्ला देणारी एक डाएटिशियन शोधली. ती पुण्याची. तिनं छान मराठीत तक्ता पाठवला. दुपारी : दोन पोळ्या, एक वाटी भाजी.

रोहिदास खूश. आमच्याकडे पोळी म्हणजे पोदेराची, पाववाल्याची, सकाळी भोंपू वाजवत सायकलवरून येते ती. कोंडा लावलेली, पावाची थोरली बहीण.

पाटलांनी मात्र तक्ता दोनदा वाचला. मग हळूच मला म्हणाले, "मॅडम, रोज दोन? आमच्याकडं रोजची ती चपाती. पोळी म्हणजे पुरणाची. ह्या बाईंना विचारा, तूप किती घ्यायचं."

मी सांगितलं, पुण्यात चपातीलाच पोळी म्हणतात. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पोळी म्हणजे पोळी हो. साधी."

"बरोबर," रोहिदास म्हणाला. "आमची सादीच आसता."

आठ दिवसांनी वजन दीड किलो वर. चौकशी केली तेव्हा कळलं, तो पोदेराच्या दोन खात होता आणि वर दोन चपात्याही.

"कोणाचें खरें तें कळना," तो म्हणाला. "म्हणून दोनूय खाल्लीं."

*

मग त्याच बाईंनी रोजचं वजन लिहून पाठवायला सांगितलं. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन. "तुमचं वजन दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाढलेलं दिसतंय. सोमवारी आणि गुरुवारी काय करता?"

"देवाचो वार. शिवराक."

शिवराक म्हणजे मासे-मटण बंद, हे मी त्यांना समजावलं. त्या आणखीच बुचकळ्यात पडल्या. "मग वजन कमी व्हायला हवं ना?"

त्यांना काय माहीत. माशाच्या दिवशी आमच्याकडे शीत-हुमण, म्हणजे भात नि माशाची आमटी, आणि एखादा तळलेला तुकडा, की संपलं. शिवराक म्हटलं की बायकांना हुरूप येतो. खतखतं, काजूचं तोणाक, पुऱ्या, आणि शेवटी नारळाच्या रसातलं गूळ घातलेलं मणगणं. रोहिदासनं ही यादी अगदी भक्तिभावानं वाचून दाखवली.

बाईंनी ती सगळी लिहून घेतली. मग म्हणाल्या, "असं करा, सोमवारीसुद्धा मासेच खा."

रोहिदासनं फोनवर हात धरला. "बाय, तूच सांग तिका. माजें फॅट वाडलां म्हणून हांव देवाक कसो सांगू?"

मी काय सांगणार? आमच्या घरीही तेच. त्या मंगळवारी मीही गुपचूप डिस्पॅचच्या काट्यावर उभी राहिले. त्या आकड्याविषयी कुणाशी बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे.

*

पाटलांचं म्हणणं, खाणंपिणं सगळं दुय्यम, खरी गोष्ट मोटिवेशन. त्यांनी 'नेट वजन' नावाचा ग्रूप काढला. सभासद तीन. रोज सकाळी सहाला ते त्यावर एक व्हिडिओ टाकायचे. कुणीतरी भारदस्त आवाजात बोलतोय, ढोल वाजताहेत आणि एक माणूस डोंगर चढतोय.

एके सकाळी रोहिदासनं ग्रूपवर लिहिलं, "माजो नेट गेलो."

दुपारी जेवायला बसलो तर पाटलांनी त्याचा मोबाइल हातात घेतला. बंद केला, चालू केला, कार्ड काढलं, पुसलं, घातलं. "नेट तर येतंय की रे."

"तो न्हय पाटील," रोहिदास म्हणाला आणि त्यानं छातीवर हात ठेवला. "हांगाचो."

पाटलांनी मोबाइल हळूच खाली ठेवला. माझी आई म्हणायची, नेटानं कर, नेट लाव. पण गेलेला नेट कुठून आणायचा ते तिनं कधी सांगितलं नाही. मला त्या क्षणी रोहिदासचा रागही आला आणि कीवही. बहीण तिकडे सुया टोचून घेतेय आणि ह्याला काकडी जड होतेय, असं वाटलं. पण दीड महिना न हलणारा काटा माझ्या नशिबी आला असता तर मी काय केलं असतं, हेही माहीत होतं.

पाटील बराच विचार करून म्हणाले, "पण तो व्हिडिओ बघितलास का?"

"बगलो. तो मनीस दोंगर चडलो," रोहिदास म्हणाला. "पूण तो पयलींच बारीक आसलो."

*

कसाबसा तो नव्वदवर आला. त्या दिवशी सकाळी आमच्या काट्यावर नव्वद बरोबर. तिथून तो शशीला घेऊन पणजीकडच्या हॉस्पिटलात गेला आणि अकरा वाजता मला फोन. "बाय, हांगा त्र्याण्णव दाखयता! आमचो काटो चुकलो."

मला चिंता पडली. त्याच्या वजनाची नव्हे, कंपनीच्या. आमचा काटा तीन किलो कमी दाखवत असेल तर महिनाभर बाहेर गेलेल्या मालाचं काय? मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी डिस्पॅच थांबवलं. प्रमाणित वजनं आणली, चार वेळा तपासणी झाली, मी तीन पानं भरली. पाटील काट्याखाली आडवे होऊन स्क्रू बघत होते. काटा अगदी चोख निघाला.

दुसऱ्या दिवशी मी रोहिदासला समोर बसवलं. "अंगावर काय होतं?"

"कपडे. चप्पल काडलेलीं."

"हातात?"

त्यानं दोन्ही हात समोर धरून बघितले. मग त्याचा चेहरा उतरला. "शशीची पिशवी. ती म्हणाली, धर."

पिशवीत त्याच्यासाठीच आणलेले तीन नारळ आणि किलोभर उकडे तांदूळ. बावीस वर्षं जगाला टेअर शिकवणारा माणूस स्वतःचा टेअर काढायला विसरला! आम्ही पोट धरून हसलो, तोही हसला. हॉस्पिटलात जाताना कुणी नारळ घेऊन जातं का, हा प्रश्न तेव्हा एकालाही पडला नाही.

*

त्याचं रोजचं वजन आता मीच लिहून ठेवत होते, आणि त्या कागदांवरून मला एक दिसत होतं. आता वजन वाढायचं ते दर सोमवारी सकाळी. आणि रविवारी तो शशीकडे जेवायला जायचा.

एका रविवारी पाटलांच्या गाडीतून मी आणि पाटीलही पेडण्याला गेलो. शशी चाळिशीची, काडीसारखी झालेली, हातावर डायलिसिसची शीर टरारून फुगलेली. दिवसाचं पाणीसुद्धा तिला मापून. नारळ बंद, मीठ जवळजवळ बंद. आणि चुलीवर काय? सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं हुमण, तव्यावर बांगडे, सोलकढी, वर काकडीची गोड तवसाळी. "मीठ बगून सांग गो," ती मला म्हणाली, कारण तिला स्वतःला चाखता येत नव्हतं.

बाहेर रोहिदास जेवत होता आणि ती त्याच्या नको-नको म्हणणाऱ्या हातावरूनच वाढत होती. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. मला उपदेश करायची सवय आहे, घरचे सांगतील. म्हटलं, "शशी, तो बारीक झाल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही, हे तुला ठाऊक आहे ना?"

तिनं बांगडा उलटला. "खबर आसा," ती म्हणाली. "म्हणूनच वाडतां."

मला काही कळलं नाही. मी बाहेर येऊन मुकाट्यानं दोन बांगडे खाल्ले. परत येताना कोलवाळच्या पुलावर ते वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. तिला भावाची किडनी नकोच होती. भावाला काही झालं तर, त्याची दोन पोरं, म्हातारी आई, हे सगळं तिनं एकटीनं धरून ठेवलं होतं, आणि बोलता येईना म्हणून वाढत होती. मला रडू आवरेना. पाटलांना वाटलं गाडी लागली. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मला लिंबाची गोळी दिली.

*

सोमवारी मी रोहिदासला सांगून टाकलं. वाटलं होतं चिडेल. त्यानं ऐकलं आणि परत काट्यापाशी गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी त्यानं एका खोक्याचं वजन दुसऱ्यावर लिहिलं.

पुढच्या रविवारी तो शशीकडे पाटावर बसला आणि म्हणाला, "माका तुजें ताट वाड."

तिचं ताट म्हणजे मूठभर भात, उकडून पाणी काढून टाकलेली भाजी, अळणी. ती म्हणाली, हे आजाऱ्याचं जेवण. तो म्हणाला, हेच हवं. भांडण झालं. ती रडली, शेजारीण येऊन बघून गेली, भात गार झाला. शेवटी तिनं वाढलं. आणि मग तिची पंचाईत झाली, कारण त्यानं अट घातली की त्याच्या पानात जे पडेल ते तिच्याही पानात पडलं पाहिजे. आता बांगडा वाढणार कसा?

रोजच्या डब्यातही तेच येऊ लागलं. काटा हलला. अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी, एक आठवडा तिथेच, पण ह्या वेळी त्यानं भजी मागवली नाहीत. पुण्याच्या बाई हैराण. "अहो, हा माझा तक्ता नाही. हे किडनीच्या पेशंटचं जेवण आहे, तुम्हाला मीठ सोडायची काही गरज नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणे ना," रोहिदास म्हणाला. "आमी भाव-भयण एकठांय जेवतां."

बाईंनी नंतर पाटलांना फोन करून विचारलं, की ही गोव्यातली एखादी पद्धत आहे का. पाटील म्हणाले, असेल, मी कोल्हापूरचा.

*

शेवटी तो दिवस आला. सकाळी आमच्या काट्यावर चौऱ्याऐंशी सातशे. अख्खं डिस्पॅच गोळा झालं होतं. पाटलांनी दोनदा वाचून घेतलं. मी सुट्टी टाकली आणि रोहिदास, शशीबरोबर हॉस्पिटलात गेले.

तिथला काटा म्हणजे जमिनीवर रुंद पत्रा आणि आकडे समोरच्या भिंतीवर. रोहिदासनं चपला काढल्या, पट्टा काढला, किल्ल्या आणि मोबाइल माझ्या हातात दिला, खिसे उलटे करून दाखवले. मग पत्र्यावर चढला आणि भिंतीकडे बघत सरळ उभा राहिला. आकडा आला, चौऱ्याऐंशी सातशे.

सिस्टर पेन उघडेपर्यंत तो झाला शहाऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी दोनशे.

"हालू नका हो," सिस्टर म्हणाली.

रोहिदास हललाच नव्हता. मान न वळवता तो म्हणाला, "शशी, पाय काड."

मी खाली बघितलं. शशी त्याच्या अगदी मागे उभी होती आणि तिचा उजवा पाय पत्र्याच्या कडेवर होता.

"काड गो."

"काडचें ना."

 शशीनं दुसराही पाय वर घेतला. दोन्ही मुठींत त्याच्या शर्टाची पाठ धरली आणि कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. भिंतीवर एकशे सव्वीस सातशे आले आणि तिथेच थांबले. रोहिदासनं हात मागे नेला आणि तिच्या मुठीवर ठेवला. दोघंही उतरेनात.

सिस्टरनं भिंतीकडे बघितलं, त्या दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "यातलं कुणाचं किती लिहू?"