गोवळकोंड्याचा टाळीवाला

संध्याकाळी म्हातारीनं चुलीपासून टाळी वाजवली अन् मी गोठ्यातून जेवायला आलो. आमचं ते रोजचंच होतं.

ही खोड तिला गोवळकोंड्याच्या टाळीवाल्यानं लावली. निजामाचं राज्य होतं. पोरींची लग्नं उरकली अन् आमी दोघं म्हातारे हिंगोलीहून आगगाडीनं भटकायला लागलो. बिदर झालं, दौलताबाद झालं, मग हा किल्ला. दरवाजाच्या घुमटाखाली टाळी मारली की पार वर डोंगरावर ऐकू जाते. ते दाखवायचं त्याचं काम. माणूस हडकुळा, पण आधी तळहातावर फुंकर घालायचा अन् पैलवानावानी छाती फुगवायचा.

म्हातारीचे गुडघे दुखत होते म्हणून ती खालीच थांबली. मी वर गेलो. एक टाळी आली, बराबर ऐकू आली. मग दुसरी, तिसरी, थांबेचना! घाबरून पळत खाली आलो, तर हीच वाजवून राहिली होती.

“काहून बोलावलं गं?”

“उगीच! अवो, नाव न घेता नवरा येतो की!” पदर तोंडात कोंबून हसली.

टाळीवाला हात चोळत म्हणाला, “ताली तो कोई भी मारता, भाई. सुननेवाला होना.”

मी म्हणलं, येडं हाये.

त्या संध्याकाळी टाळी वाजवून मला जेवू घातलं, अन् रात्री ती झोपेतच गेली. सकाळी माणसं जमायच्या आधी मी चुलीपाशी उभा राहिलो, तळहातावर फुंकर घातली अन् जोरात टाळी वाजवली. तिच्या कोंबड्या तेवढ्या धावत आल्या. त्यांना दाणे टाकले.