शारजा सोडून माहूजला

आम्ही शारजा सोडून बहरीनला चाललोय हे कळल्यावर दुबईतल्या माझ्या नणंदेने फोनवर एवढंच विचारलं, "काही झालंय का तिकडे?" दुबईच्या आसपास पाय रोवलेला माणूस आपण होऊन लहानशा बेटावर राहायला जाईल, हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

झालं तसं काहीच नव्हतं. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, त्याची नोकरी दुबईत आणि घर शारजात, कारण दुबईतलं घर परवडत नव्हतं. तो अंधारात निघायचा आणि ट्रॅफिकमधून सुटून घरी यायचा तेव्हा मुलगी झोपलेली असायची. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तशी जपून बोलायची. मी अकाउंटंट. तिच्या जन्माच्या वेळी नोकरी सोडली ती सुटलीच. आमचं घर इतकं उंचावर होतं की खाली उतरायलाही मला काहीतरी निमित्त लागे.

अशात नवऱ्याच्या कॉलेजमधल्या मित्राचा अमेरिकेहून फोन आला. तो शिकागोची नोकरी सोडून ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या काउंटीत राहायला गेला होता. धड शहर नाही, धड खेडं नाही. घर परवडणारं, शाळा जवळ, ऑफिस हाकेच्या अंतरावर. लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं, पण आवाजावरून गडी मजेत वाटत होता. नवऱ्याला तो म्हणाला, "संध्याकाळी मी घरी असतो रे. त्यापुढे बाकी सगळं किरकोळ आहे."

नवऱ्याने मला हे जेवताना सांगितलं आणि पुढे बराच वेळ नुसताच ताटातला भात कालवत बसला. ओहायो काही आमच्या आवाक्यात नव्हतं, पण बहरीन होतं. त्याने तिथल्या एका कंपनीत अर्ज केला, नोकरी मिळाली. पगार थोडा कमी होता. जायचं ना, असं त्याने मला दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

बहरीनच्या राजधानीतल्या माहूज भागात आम्हाला पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. ऐसपैस हॉल, मुलीला स्वतःची खोली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकलेलं बदामाचं झाड. खाली कोपऱ्यावर किराणा दुकान होतं, इथे त्याला कोल्ड स्टोअर म्हणतात. दुकानदार श्रीवर्धनचे कोकणी मुसलमान. मी पहिल्यांदा हिंदीत कढीपत्ता मागितला तर ते म्हणाले, "मराठीत मागा ना वहिनी, ताजा देतो." त्या दिवशी मला नको असलेल्या चार वस्तूही मी घेऊन आले.

तरी सुरुवातीला मी खचलेच होते. दुपारी रस्ता इतका शांत असे की आपण चुकलो की काय असं वाटायचं. नवरा आता चहाच्या वेळेला घरी येत होता, पण दिवसभर मी पुन्हा घरातच होते. पायी जाववेल असं ऊन नव्हतं आणि बसचं मला काही जमेना. तेव्हा तोच म्हणाला, की गाडी शीक. शारजात मी हा विषयच काढू दिला नव्हता. तिथले ते रुंद रस्ते आणि अंगावर येणारे ट्रक बघूनच मला नको वाटायचं.

मला शिकवायला एक बहरीनी बाई होत्या. काळा पायघोळ अबाया, जाड चष्मा आणि अस्खलित गल्फी हिंदी. पहिल्या परीक्षेत मी राउंडअबाउटच्या मधोमध गाडी बंद पाडली. दुसऱ्या वेळी पार्किंगमध्ये खांबाला टेकवली. बाहेर येऊन मी बाईंना म्हटलं, खलास, आता मी येणार नाही. त्यांनी मला आधी पाणी दिलं.

"डर कायको?" त्या म्हणाल्या. "छोटा मुल्क है. इधर सब रोड आखिर समुंदर पे जाता. कितना गुम होगा तू?"

मला हसू आलं. चुकून चुकून कुठे जाणार, तर समुद्रावर. मग मी शेजारच्या उम्म अल हस्सम वस्तीच्या गल्ल्यांतून, दुकानांसमोर आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांमधून रोज वाट काढायला शिकले. तिसऱ्या परीक्षेला परीक्षकाने शेवटी नुसती मान हलवली. पास झालेय हे मला बाईंनीच सांगावं लागलं. त्यांनी मला तिथेच सगळ्यांसमोर मिठी मारली.

त्याच आठवड्यात एका सकाळी नवऱ्याला सहकाऱ्याबरोबर पाठवून त्याची गाडी मी ठेवून घेतली आणि संध्याकाळी मुलीला मागे बसवून त्याला आणायला पुलापलीकडच्या सितरा बेटावर गेले. तो कंपनीच्या फाटकात उभा होता. सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी आला, मला बघून थांबला, आणि वळसा घालून शेजारी बसला. पूल ओलांडेपर्यंत मला सूचना देत होता. मग सूचना थांबल्या. बघते तर मान कलती करून तो गाढ झोपला होता. इतक्या वर्षांत हा माणूस गाडीत झोपलेला मी पाहिला नव्हता.

"आई, डोन्ट हॉर्न," मुलगी मागून हळूच म्हणाली.

मी हॉर्न वाजवला नाही. घर आलं तरी मी त्याला उठवलं नाही. माहूजला आणखी दोन फेऱ्या मारल्या.

थोड्याच दिवसांत बाब अल बहरीन या जुन्या वेशीजवळच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याला अकाउंटंट हवा असल्याचं कळलं. गुजराती शेठ. मध्ये इतकी वर्षं काय करत होतात, असं ते विचारणार म्हणून मी उत्तर घोकून गेले होते. ते त्यांनी विचारलंच नाही. बँकेत, गोदामात एकटीने जावं लागेल, गाडी चालवता का, एवढंच विचारलं.

"चालवते," मी म्हटलं. माझा आवाज त्या खोलीत जरा मोठाच वाटला.

इथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो; रविवारपासून यायला सांगून त्यांनी चहा मागवला. बाहेर पडल्यावर मी सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात शिरले, एका दुकानात निळं सुती कापड हाताने चाचपून पाहिलं. दुकानदाराने विचारलं, मुलीसाठी का? मी म्हटलं, नाही, माझ्यासाठी. ऑफिसला घालायला. आणि त्याने कापडाला मीटरपट्टी लावायच्या आत सांगून टाकलं, दोन कुर्त्यांचं द्या.