सेंटरला खेळणारे ओनिशी-सान

ओनिशी-सानचे किस्से मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. एकाच बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं काढली की लिफ्टची वाट बघताना, कचरा टाकताना ते आपोआप साठतात. मैत्रिणीला एक सांगायला जावं, तर बाकीचे मागोमाग येतात.

जपानमधल्या कोबे शहरातल्या आमच्या बिल्डिंगचे ते केअरटेकर. वय अठ्ठ्याहत्तर, खांदे दाराएवढे. तरुणपणी एका कंपनीच्या टीममधून अमेरिकन फुटबॉल खेळायचे, सेंटरला. म्हणजे दोन पायांमधून बॉल मागच्या क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना स्वतःच्या अंगावर घ्यायचं. बॉल फेकणार क्वार्टरबॅक, पेपरात फोटोही त्याचाच.

*

आम्ही नवीन होतो. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; काचेच्या दिवशी मी प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली गेले. ओनिशी-सान कचऱ्याच्या खोलीच्या दारात उभे. मी डावीकडून जायला बघितलं, ते डावीकडे सरकले. उजवीकडून गेले, ते उजवीकडे. आवाज चढवला नाही, काही नाही.

"प्लास्टिक गुरुवारी," एवढंच म्हणाले.

वर येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, काल मला पेपरच्या गठ्ठ्यासकट परत पाठवलं त्यांनी."

*

ओनिशी-सानची आई एकदाच मॅचला आली. सगळा वेळ बघितलं आणि घरी जाताना हळूच विचारलं, "तुला कुणीच बॉल का देत नाही? भांडण झालंय का?"

पुढच्या रविवारी तिनं क्वार्टरबॅकसाठी, हारा-सानसाठी, मिठाईचा डबा पाठवला. हारांनी अख्खा डबा संपवला आणि तिला निरोप धाडला, "काकू, सेंटरकडे पास फेकणं नियमात बसत नाही. पण मिठाई चालू ठेवा."

*

आयुष्यात एकदाच बॉल त्यांच्या हातात राहिला. कुणाच्या तरी हातून निसटला, यांनी उचलला आणि धावत सुटले, थेट रेषेपार. टचडाउन! पण शिट्टी वाजली. आधी यांनीच कुणाचा तरी शर्ट धरला होता म्हणे. पॉइंट रद्द.

माझ्या लेकीनं, इरानं, जपानीत विचारलं, "खरंच धरला होता?"

"धरला होता," ओनिशी-सान म्हणाले. "आई त्या दिवशी आली नव्हती, ते बरं झालं."

*

पुढे हारा-सान टीमचे कोच झाले. एका सकाळी बोर्डावर खेळाडूंची यादी लागली, त्यात ओनिशी हे नाव नव्हतं. गुडघे गेले होते, ते यांनाही कळत होतं.

"पण हारानं आधी मला सांगायला हवं होतं," ते मला म्हणाले. "मी दहा वर्षं त्याच्यासाठी मार खाल्ला."

त्या दिवसापासून बोलणं बंद. हारांचं नववर्षाचं कार्ड मात्र दरवर्षी यायचं. हे उत्तर द्यायचे नाहीत, पण एकही कार्ड फेकून दिलेलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "फोन करा ना." ते म्हणाले, "पुढच्या वर्षी." मी तो विषय परत काढला नाही. काढायला हवा होता.

*

यंदाचं कार्ड हारांच्या मुलीच्या अक्षरात होतं. बाबा आता वृद्धाश्रमात असतात, त्यांना लिहिता येत नाही, एवढंच. ओनिशी-सान मला म्हणाले, "सोबत याल का? एकट्यानं जमणार नाही." ट्रेनमध्ये ते सगळा वेळ ओठातल्या ओठात वाक्यं घोकत होते.

हारा-सान खिडकीशी बसले होते. ओनिशी-सान समोर जाऊन कमरेत वाकले, बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हारांनी विचारलं, "आपण कोण?"

ओनिशी-सान गडबडले. "मी... फुटबॉल खेळायचो."

"अरे वा, मीही. आमच्याकडे ओनिशी म्हणून एक सेंटर होता. तो पुढे असला की मला कधी भीती वाटली नाही." हारा थांबले. "माझ्यावर रागावलाय तो. तुम्हाला कुठे भेटला, तर एकदा येऊन जा म्हणावं."

ओनिशी-सान पुन्हा वाकले.

"भेटला की सांगतो," ते म्हणाले.