डब्यातला गड

खट्.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता खूप वर्षं झाली. लाकडी डब्याच्या खाचेत पुठ्ठ्याची पाटी बसली की तो व्हायचा, आणि त्याच्यामागून डबा डोळ्याला लावलेल्या पोराचा श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा. बाकीचा वर्ग आपली पाळी कधी येते म्हणून बाकावर चुळबुळत असायचा.

सांगलीहून जतकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत मी शिपाई होतो. शिक्षण चौथीपर्यंत. शाळेत माणूस टिकून राहिला की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर बसतात. झटकले तरी थोडे राहतातच. माझ्या अंगावर राहिलेत ते बहुतेक माने सरांचे.

माने सर इतिहास शिकवायचे. लहानपणी विटी लागून त्यांचा डावा डोळा गेला होता, त्यावर पांढरा पडदा दिसायचा. माणूस एका जागी ठरायचा नाही. शिकवताना दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात येरझाऱ्या. त्यांच्याकडं बघून माझाच जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

एकदा त्यांनी स्टाफरूममध्ये पेपर वाचून दाखवला. परदेशात म्हणे डोक्यावर टोपासारखं यंत्र घालतात आणि माणूस बसल्या जागी दुसऱ्याच जगात जातो. व्हर्च्युअल रिअॅलिटी. पुढं शाळांमध्ये इतिहाससुद्धा असाच शिकवतील, असं त्यात लिहिलं होतं.

ड्रॉइंगचे कांबळे सर म्हणाले, "आपल्याकडं त्याला डुलकी म्हणतात. माझ्या तासाला पोरं रोज जातात."

सगळे हसले. माने सर हसले नाहीत. मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "तात्या, तिकडं कॉम्प्युटर लागतो. आपण भिंगावर भागवू."

---

रविवारी आम्ही एसटीनं साताऱ्याकडं जायचो. गडावर सर कॅमेऱ्यानं एक फोटो काढायचे, मग कॅमेरा दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा बाजूला सरकवून तोच फोटो पुन्हा. दोन्ही एका पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवायचे. सांगलीतल्या चष्मेवाल्याकडून आणलेली दोन भिंगं मी जुन्या बाकाच्या फळीत बसवली आणि डबा तयार झाला. त्यातून बघितलं की दोन्ही फोटो एक व्हायचे आणि बुरूज अंगावर यायचा.

पहिल्यांदा मी बघितलं आणि मागं सरकलो. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "कसं दिसतंय? नीट सांगा."

त्यांना ते कधीच दिसणार नव्हतं. त्यासाठी दोन डोळे लागतात. सरांनी सगळे पुठ्ठे लोकांच्या सांगण्यावर जुळवले.

---

हेडसरांना डबा पसंत नव्हता. त्यांचंही खोटं नव्हतं. पोरांना मार्क लागतात, मार्क पुस्तकातून येतात. ते म्हणायचे, "माने, हे खेळणं मी एक दिवस कपाटात टाकणार, आणि इतिहास दुसऱ्याला देणार."

इतिहास काढून घेतला तर सरांकडं दुसरं काही नव्हतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही.

डबा एकच आणि वर्ग मोठा, त्यामुळं रांग लागायची. एकदा पाचवीच्या वर्गाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला. आमच्या शाळेत वर्गात चपला चालायच्या. मी आत डोकावलो, तर सगळी रांग अनवाणी.

मी विचारलं तर एक पोरगं म्हणालं, "तात्या, आज गडावरचं देऊळ लावलंय. चपला घालून कसं जायाचं?"

त्या दिवशी माने सरांनीही बूट काढले, आणि तास संपेपर्यंत मोज्यांवर येरझाऱ्या घातल्या.

---

पोरांची एक तक्रार होती. गडावर माणसं नाहीत. "सर, सगळी गेली कुठं?" असं विचारून त्यांनी सरांना हैराण केलं. मग सरांनी पी.टी.च्या पाटील सरांना गळ घातली. गॅदरिंगमधला पेहराव, पागोटं, हातात भाला. असा पहारेकरी दरवाजात उभा केला.

फोटो धुऊन आले, पुठ्ठा तयार झाला. खट्. पहिल्याच पोरानं सांगितलं, "सर, पहारेकऱ्याच्या मनगटावर घड्याळ हाय."

सरांचा चेहरा उतरला. एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि घड्याळ कुणालाच दिसलं नव्हतं.

रांगेतून दुसऱ्यानं समजूत काढली, "आसू द्या सर. पहारा बदलायचा टायम बघत आसंल."

---

जत भागातला एक धनगर म्हातारा नातवाला न्यायला आला. मेंढरं मैदानाबाहेर उभी. सरांनी त्यालाही डबा दिला. त्यात गडावरचं पाण्याचं टाकं होतं, खडकात खोदलेलं.

म्हाताऱ्यानं बराच वेळ बघितलं आणि डबा परत दिला. "पानी लय हाय. पर उतरायला वाट न्हाई. जनावरं पाजायची कुठनं?"

 सरांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "बाबा, आता हाच प्रश्न मी उद्या वर्गात विचारणार."

म्हातारा म्हणाला, "इचारा की. उत्तर घावलं तर मलाबी सांगा."

---

त्या वर्षी वार्षिक परीक्षेचे पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला गेले. प्रश्न होता, गडाच्या मुख्य दरवाजाचे वर्णन करा. पेपर परत आले ते लाल शाईनं भरून. झाडून सगळ्या पोरांनी लिहिलं होतं की दरवाजाच्या डाव्या पायरीवर एक पिवळं कुत्रं झोपलेलं असतं आणि त्याचा एक कान फाटलेला असतो.

हेडसरांनी माने सरांना बोलावलं. मी दारातच उभा होतो.

"माने, इतिहासात कुत्रं कुठनं आलं?"

"सर, ते तिथंच झोपलं होतं."

"ते मला कळतंय. उत्तरपत्रिकेत का आलं?"

"पोरं गडावर जाऊन आली, सर. जो जाऊन येतो त्याला कुत्रं दिसतंच."

हेडसरांनी पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाले, दिवाळीनंतर तपासणी आहे. साहेबांनाच दाखवू. त्यांनी बरं म्हटलं तर चालू ठेवा, नाही म्हटलं तर डबा कपाटात, आणि तुम्ही कार्यानुभवाचे तास घ्या. खडूच्या पेट्या करून घ्या पोरांकडून.

सर बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत मैदानाला फेऱ्या मारत राहिले.

---

पाचवीत रुक्मिणी नावाची मुलगी आली. तिच्या पाळीला खट् झालं, पण मागून श्वासाचा आवाज आला नाही. ती म्हणाली, "नुसता फोटो हाय की."

पोरं हसली. तिनं पुन्हा बघितलं. बुरूज पुढं येत नव्हता, पायऱ्या खाली जात नव्हत्या. ती रडकुंडीला आली.

सर तिच्याजवळ खाली बसले. "मलासुद्धा असंच दिसतं," म्हणाले. मग हातानं तिचा एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं विचारली. एका डोळ्यानं तिला काहीच वाचता येईना. घरात कुणाला पत्ता नव्हता, तिलासुद्धा नव्हता.

सर तिच्या आईला घेऊन सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. चष्मा लागला. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावलं. पोरं तिला चिडवायची आणि ती त्यांना दगड मारायची. खूप महिने गेले. एक दिवस डब्यात बघताबघता ती ओरडली, "आई गं, पायरी!"

सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. 

---

तपासणीचे साहेब आले. उंच, हळू बोलणारे. बोलताना मान थोडी वळवून बघायचे.

मी चहा नेला. माने सर कप उचलताना आधी बशीला बोट लावून बघायचे, कारण एका डोळ्याला कप नेमका किती लांब आहे ते कळत नाही. म्हणून मी त्यांच्यापुढं ट्रे अगदी स्थिर धरायचो. त्या दिवशी साहेबांनीही हात पुढं केला, आधी बशीला बोट लावलं आणि मग कप उचलला.

मी माने सरांकडं बघितलं. ते आधीच तिकडं बघत होते.

मग सगळे वर्गात गेले. हेडसरांनी डबा साहेबांच्या हातात दिला. पाटी मी बसवली. खट्.

साहेबांनी बघितलं. डबा थोडा हलवला, पुन्हा बघितलं.

"गडाचे फोटो आहेत," साहेब म्हणाले.

हेडसर म्हणाले, "आत गेल्यासारखं वाटतं, असं मुलं म्हणतात."

"मला तसं काही वाटत नाही."

वर्गात कुजबुज झाली. कांबळे सर, पाटील सर, सगळे माने सरांकडं बघायला लागले. साहेबांच्या डोळ्याबद्दल एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. 

तेवढ्यात रुक्मिणी उभी राहिली. "साहेब, मलाबी आधी आसंच दिसायचं. माझा एक डोळा..."

"रुक्मिणी, खाली बस."

सरांना मी कधी त्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. ती गपकन बसली.

हेडसर म्हणाले, "काय माने, तुमचं काय म्हणणं आहे?"

त्या दिवशी सर येरझाऱ्या घालत नव्हते. फळ्याजवळ एका जागी उभे होते.

"साहेबांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "फोटोच आहेत."

साहेबांनी डबा डोळ्यावरून खाली घेतला. मान वळवून माने सरांच्या त्या पांढऱ्या डोळ्याकडं बघितलं. मग रुक्मिणीकडं. मग पुन्हा सरांकडं.

हेडसरांनी पेनाचं टोपण काढलं. "मग साहेब, बंद करायचं ना हे? तसं लिहून घेऊ?"

साहेबांनी डबा दोन्ही हातांनी रुक्मिणीच्या बाकावर ठेवला. ठेवायच्या आधी बाकाची कड बोटानं चाचपली. आणि दाराबाहेर निघून गेले. हेडसरांनी काही न लिहिता पेनाला टोपण लावलं.