लोखंड नको

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, गुप्तधन शोधायचं यंत्र घेऊन गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, फिरत होते. सडा सगळा जांभ्याचा, मातीतच लोखंड. त्यामुळे यंत्र पावलापावलाला बोंबलत होतं. "काय भिकार जमीन आहे!" भावोजी खेकसले. याच भिकार जमिनीतले चिरे काढून यांचं घर उभं राहिलंय, पण असो.

मग त्यांनी यंत्र जमिनीलगत खालीवर करत एक बटण फिरवलं आणि मातीचं तोंड बंद केलं. दुसरं बटण फिरवून लोखंड वगळलं. खिळे, बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या, मोडके विळे, राबणाऱ्या माणसांच्या हातून पडलेलं सगळंच आता त्यांच्या लेखी नव्हतं.

काही माणसं आईच्या पोटातूनच ही बटणं फिरवून येतात. लग्नकार्यात भावोजी गरीब नातेवाइकांमधून असेच सरळ निघून जातात आणि एखाद्याच्या गळ्यात जाड साखळी दिसली की लगेच किणकिणू लागतात.

"आता कसं शहाण्यासारखं चालतंय!" ते खुशीत म्हणाले. तेवढ्यात ताई डोक्यावर लाकडांचा भारा आणि हातात कोयती घेऊन, घामाघूम, त्यांच्या अगदी शेजारून गेली.

यंत्राने हूं की चूं केलं नाही. भावोजींनीही नाही.