रंध्याच्या कड्यावर न सांगितलेली गोष्ट

गेल्या महिन्यात ब्लॉगच्या एका वाचक मुलीनं विचारलं, "तुम्ही नगरच्या ना? भंडारदऱ्याला कधी जावं, कुठं राहावं, काय बघावं, सगळं सांगा." मी तिला रस्ता सांगायला बसले आणि लिहिता लिहिता १९७१ च्या सप्टेंबरात जाऊन पोचले. त्या सहलीबद्दल मी आजवर सविस्तर लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यात भूगोलात संशोधन करत होते. सहलीला आलेल्या माणसांना त्या जागेचा धोका कितपत जाणवतो आणि काही विपरीत घडलं तर कोण काय करतं, हा माझा विषय. तेव्हा असा विषय ऐकून लोक हसायचे. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माणसं चार घटका मजा करायला जातात. त्यांना तू मरणाबद्दल विचारणार?" तरीही पाऊस ओसरत आल्यावर जायचं मी ठरवलं. धबधबे भरलेले असतात, रस्ते उघडलेले असतात, माणसं भेटतात.

निघण्याआधी आमच्या सरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "त्यांना आधी काही सांगायचं नाही. तू धोका म्हणालीस की त्यांना धोका दिसायला लागणार. एकाला सांगितलंस तर तो दहा जणांना सांगणार. तू फक्त विचारायचं आणि लिहायचं."

नगरहून सकाळच्या एसटीनं निघाले. कोल्हार, लोणी करत संगमनेर. तिथपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस आणि उन्हात पांढरे पडलेले माळ. संगमनेरला गाडी बदलायची, मग अकोले, मग राजूर. अकोल्याच्या पुढं हवाच बदलते. खिडकीतून गार, ओला वारा येतो, डोंगर जवळ सरकतात आणि भातखाचरांच्या कडेनं खुरासणीची पिवळी फुलं दिसू लागतात. त्या काळी या प्रवासात अख्खा दिवस जायचा. आज गाडीनं अर्धा दिवस पुरतो, पण जमलं तर एकदा एसटीनंच जा. राजूरच्या स्टँडवर चढलेल्या बायकांच्या गप्पा ऐकायला मिळतात.

मी शेंडीला उतरले. भंडारदऱ्याच्या धरणाच्या पायथ्याचं हे गाव. तिथल्या शाळेतले गुरुजी दादांच्या ओळखीचे, त्यांच्याकडे माझी सोय होती. काकूंनी तांदळाची गरम भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. दुसऱ्या दिवशी काळभात केला. त्या तांदळाचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. तुम्ही गेलात तर मागून खा.

पहिल्याच रात्री तिसऱ्या घासाला गुरुजींनी विचारलं, "रंध्याला जाणार ना? तिथं विठाबाईला भेट. चहा विकते. पण त्या कड्याबद्दल तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

रंध्याचा धबधबा राजूर आणि शेंडीच्या मध्ये, रस्त्याला लागूनच. प्रवरा नदी रुंद खडकावरून पसरत येते आणि एकदम खोल घळीत कोसळते. बसमधून उतरल्यावर आधी आवाज येतो, मग चेहऱ्यावर तुषार. देवीच्या देवळाजवळ झोपडीवजा आडोसा करून विठाबाई बसली होती. चाळिशीची, काटक, हिरवं लुगडं. चूल, किटली आणि भाजलेली कणसं एवढंच दुकान. तिचा नवरा भागा रस्त्यापलीकडच्या वाडीतल्या खाचरात काम करायचा.

येणाऱ्या प्रत्येकाला ती ओरडून सांगायची, "खाली त्या काळ्या धोंड्याकडं जाऊ नगा! शेवाळ हाय!" माणसं हसायची किंवा ऐकू न आल्यासारखं करायची.

मी तिला त्या धोंड्याबद्दल विचारलं. ती मला हाताला धरून कडेशी घेऊन गेली. लांबून तो खडक कोरडा, सपाट दिसत होता, फोटो काढायला कुणीही तिथंच जाऊन उभं राहील असा. तिनं काठीनं त्याची कड खरवडली. काठीच्या टोकाला हिरवा गुळगुळीत लगदा आला.

"ताई, तुमी सांगा की लोकांना," ती म्हणाली. "माझं कोन ऐकतंय? तुमी शिकलेल्या."

"मला आधी सांगता येत नाही, विठाबाई. त्यांनी त्यांच्या मनानं उत्तर द्यायचं असतं."

"मंग उत्तर झाल्यावर सांगा."

मी पिशवीतून कागद काढून माणसांकडे वळले. तिला सरांचा नियम कसा समजावणार? त्या दिवशी मी माझ्या प्रश्नावलीचे भरपूर फॉर्म भरून घेतले आणि शेंडीला परतताना खूश होते.

दुसरा दिवस रविवार होता. ऊन पडलं होतं आणि गर्दी होती. अकराच्या सुमारास नगरचं एक जोडपं आलं, सदाशिव आणि मालती. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याचं काम करायचा. तिशीचा, बोलका. मी नगरचीच म्हटल्यावर आनंदानं फॉर्म भरायला बसला.

"ही जागा धोक्याची वाटते का?"

"छे हो! एवढी माणसं आलीत. धोका असता तर आली असती का?"

"कुणी तुम्हाला सावध केलं?"

"नाही. ती चहावाली ओरडत होती काहीतरी. गिऱ्हाईक तिच्याजवळ थांबावं म्हणून ओरडते."

माझ्या कागदावर या प्रश्नाला चार पर्याय होते: सरकारी पाटी, वर्तमानपत्र, नातेवाईक-मित्र, कोणीही नाही. चहावालीला त्यात जागा नव्हती. मी "कोणीही नाही" वर खूण केली, आभार मानले आणि पुढच्या कुटुंबाकडे वळले.

दहा मिनिटंही झाली नसतील. मालतीची किंकाळी ऐकू आली. धबधब्याच्या आवाजातून आरपार आली.

सदाशिव त्या काळ्या धोंड्यावरून घसरला होता. नशीब एवढंच, की पाण्यात न जाता खाली कड्याच्या एका कपारीत अडकला. वरून त्याचा पांढरा शर्ट दिसत होता. एक पाय विचित्र दुमडलेला, आणि दोन्ही हातांनी त्यानं एका झुडपाचं खोड धरलेलं. गर्दी कडेकडे धावली. कुणी "पोलीस" म्हणत होतं, कुणी "फोन". फोन धरणाजवळच्या बंगल्यावर, कित्येक मैलांवर. कुणाला काय करायचं ते माहीत नव्हतं आणि सगळेच ओरडत होते. यावरच मी प्रबंध लिहीत होते. तरी मी फॉर्म छातीशी धरून तिथंच उभी होते.

विठाबाईनं चूल विझवली. मला आजही आठवतं, तिनं आधी चुलीवर पाणी ओतलं आणि मगच उठली. "मागं व्हा! सगळी देवळाकडं व्हा!" तिच्या त्या आवाजानं माणसं खरोखर मागं सरकली. एका सायकलवाल्याला तिनं बंगल्यावर पिटाळलं. दोन बायकांना मालतीजवळ बसवलं. वाडीकडं तोंड करून दोन हाका मारल्या, आणि चार-पाच गडी बैलगाड्यांची चऱ्हाटं खांद्यावर टाकून धावत आले. त्यात भागा होता. मग तिनं माझा दंड धरला आणि कोरड्या खडकावर मला उभं केलं.

"त्याच्याकडं बघत ऱ्हा. हात वर ठेव. त्याला वाटलं पायजे कुनीतरी बघतंय. हात खाली घेतलास तर तो सुटंल."

मी हात वर करून उभी राहिले. आवाज पोचत नव्हता. सदाशिव वर बघत होता आणि मी त्याच्याकडे. किती वेळ, सांगता येणार नाही. माझा खांदा भरून आला तेव्हा दुसऱ्या हातानं आधार दिला.

गड्यांनी चऱ्हाटं एकमेकांना बांधली आणि एक टोक देवळामागच्या झाडाला आवळलं. भागा कमरेला दोर बांधून उतरला. त्यानं कपारीत पाय रोवून स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, तो सदाशिवला बांधला आणि हात हलवला. वरचे ओढू लागले. सदाशिव निम्म्या वाटेवर असताना कड्याचा एक दगड निखळला आणि थेट खाली भागाच्या उजव्या हातावर आदळला. भागा ओरडला असेल, पण ऐकू काहीच आलं नाही. त्यानं डावा हात वर केला, ओढत राहा म्हणून.

सदाशिव वर आला. मग दोर पुन्हा खाली सोडला आणि भागाला वर घेतलं. त्याचा हात विठाबाईनं पदरात गुंडाळला. तो पदर बघता बघता काळा पडला.

राजूरकडं निघालेली एसटी ड्रायव्हरनं थांबवली आणि प्रवाशांना न विचारता दोघांना आत घेतलं. कुणी कुरकुर केली नाही. राजूरच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या आणि दोघांना नगरला पाठवायचं ठरलं. बाकावर मी विठाबाईशेजारी बसले होते. मालती समोर. तिनं मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याशी बोलत होता ना? तो खडक निसरडा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो," मी म्हणाले.

विठाबाईच म्हणाली, "तिला सांगायची मनाई हुती, बाई." मला वाचवायलाच म्हणाली. ते ऐकणं सगळ्यांत अवघड गेलं.

मी आणखी तीन दिवस थांबले. रोज रंध्याला गेले आणि विठाबाईच्या बाजूला उभी राहून तिच्यासारखीच ओरडले. लुगड्यातल्या बाईचं न ऐकणारी माणसं माझ्या चष्म्याचं आणि पुण्याच्या भाषेचं ऐकत होती. शेंडीच्या गुरुजींनी इशाऱ्याची एक फळी रंगवून दिली, ती आम्ही धोंड्याच्या अलीकडं ठोकली. त्या तीन दिवसांतले सगळे फॉर्म सरांच्या दृष्टीनं निकामी होते.

नगरला परतल्यावर दवाखान्यात गेले. सदाशिवचा घोटा प्लास्टरमध्ये होता. भागाची तीन बोटं काढावी लागली होती. मी त्याच्याजवळ बसले. त्यानंच विचारलं, "भात कसा हाय आमच्याकडं? पानी हाय ना खाचरात?" मी हो म्हणाले. त्याला तेवढंच हवं होतं.

कार्तिकात भात कापायची वेळ आली तेव्हा सदाशिव लंगडत, दोन भावांना घेऊन, रंध्याला गेला. छापखान्यातून आठवड्याची रजा काढून. मालतीही गेली. विळा कसा धरायचा हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं आणि बांधावर बसलेला भागा डाव्या हातानं दाखवत होता, हे मला नंतर गुरुजींनी पत्रानं कळवलं. वाकडंतिकडं का होईना, भात घरात आला. पुढची कित्येक वर्षं ते कार्तिकात जात राहिले.

सरांना मी सगळं सांगितलं. "तुझा नमुना बिघडला," ते म्हणाले. आणि मग, "माझा नियम तिथं चालणार नव्हता. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं." तेवढी कबुली त्यांच्या पिढीतल्या माणसाकडून मी पुन्हा ऐकली नाही.

प्रबंध पुरा झाला. लोकांना धोका किती जाणवतो याची कोष्टकं त्यात आहेत, पण मोठं प्रकरण आहे ते त्या रविवारच्या दुपारवर: आधी कुणी काय केलं, दोर कुठून आले, गर्दी कुणी हटवली. धोका नेमका कुणाच्या वाट्याला येतो, हाही प्रश्न त्यात आहे. माझ्या मूळ फॉर्मात तो नव्हता, कारण वाडीतल्या कुणालाच मी फॉर्म दिला नव्हता.

तर त्या मुलीला उत्तर: सप्टेंबरात जा. एसटीनं जा, काळभात खा, रंध्याला थांबा. कड्याजवळ कुणी गावातलं माणूस काही सांगत असेल तर आधी त्याच्याकडं बघा आणि मग धबधब्याकडं.

संशोधनात माणसांची नावं लिहायची नसतात, त्यांना अ, ब, क म्हणायचं असतं. टंकलेखन करणाऱ्यानंही 'अ, ब लिहू ना?' असं मला विचारलं होतं. मी त्याला त्या एका प्रकरणापुरती दोन पूर्ण नावं लिहून दिली, भागाचं आणि विठाबाईचं, वाडीच्या नावासकट. सरांनी सही करताना ती वाचली आणि तशीच राहू दिली.